‘पॅरी’ला मराठी शब्द काय? आणि सगळ्याच अ‍ॅक्शन गेमना ‘मारधाड’ म्हणावं का?

हरिपूरकर (सांगली):
सध्या धाकट्या भावाबरोबर ‘सेकिरो’ खेळतोय. गेम २०१९चा, आमच्याकडे उशिरा आला. आईनं विचारलं की भाऊ सांगतो, “मारधाडीचा आहे.” मला हा शब्द पटत नाही. मारधाड म्हणजे दिसेल त्याला झोडपत सुटणं. या गेममध्ये तसं केलंत तर पहिल्याच मोठ्या शत्रूपाशी अडकता. त्याचा वार अंगावर येतो त्या नेमक्या क्षणी तलवार आडवी लावायची, की तोच डळमळतो. याला सगळे ‘पॅरी’ म्हणतात. नुसतं ‘अडवणे’ म्हटलं तर ‘ब्लॉक’शी गल्लत होते. ‘डॉज’ला ‘चुकवणे’ चपखल आहे. पॅरीला काय म्हणाल?

माहुलीकर (सातारा):
‘वारणे’ घ्या. जुना शब्द आहे, त्याच मुळाचं ‘निवारण’ आपण रोज वापरतो. ‘वार वारला’ कानाला छान लागतं.

हरिपूरकर:
छान लागतं, पण ‘वारणे’ म्हटलं की मला देवावर वारलेली चवरी दिसते. आणि ‘वारला’ म्हणजे गेलाच की हो! खेळताना ओरडून सांगायचा शब्द हवा.

तालमीतला (सांगली, गावभाग):
दादा, शब्द तालमीत आहे : तोड. प्रत्येक डावाला तोड असते. अडवण्यात तुमचा दम जातो. तोडीत समोरच्याचाच जोर त्याच्यावर उलटवायचा असतो. तुमच्या गेममध्येही हेच आहे ना? नुसतं अडवत राहिलात तर तोल किती ढळला ते दाखवणारी तुमची पट्टी भरते, वेळेवर तोड काढलीत तर त्याची भरते. ती पट्टी भरली की पैलवानाच्या भाषेत ‘पवित्रा मोडला’. मग एकच घाव.

हरिपूरकर:
‘पवित्रा मोडला’! ‘पोश्चर ब्रेक’ला इतका नेमका शब्द मला सुचला नसता. आता आणखी एक. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) शत्रू काठी उगारतो आणि उगारलेलीच ठेवतो. आपण घाईनं उडी मारतो, मग तो हाणतो. ही ‘हूल’च ना? एकदोनदा मजा येते. पण जवळजवळ प्रत्येक मोठा शत्रू हूल देऊ लागला की त्याच्या अंगाकडे बघून काही कळत नाही, वेळ पाठच करावी लागते. माझ्या मते हा दोष आहे.

तालमीतला:
हूलच. पण चांगल्या मल्लाच्या हुलीतही खांदा आधी बोलतो. खांदा बोलत नसेल तर ती हूल नाही, फसवणूक.

कृष्णाकाठ (कराड):
मी जरा वेगळं मांडते. ‘मारधाड’ला इतकं खाली ढकलू नका. दिवसभर काम करून आल्यावर गर्दीत शिरून तलवार फिरवायला मला आवडतं, तोही आनंद खराच आहे. मला राग येतो तो बडवाबडवीचा. एकच बटण बडवत राहिलं तरी जिंकता येतं, शत्रू अवघड वाटावा म्हणून नुसती त्याची लाईफ वाढवून ठेवतात, आणि तो वीस मिनिटं मरत नाही. ‘डेव्हिल मे क्राय’ या गेमच्या मालिकेनं यावर चांगला उपाय केला होता : तोच तो वार करत राहिलात तर लढण्याला मिळणारी श्रेणी चढत नाही, डाव बदलावे लागतात. म्हणजे तीन शब्द झाले. मारधाड वेगळी, बडवाबडवी वेगळी, डावपेच वेगळे.

हरिपूरकर:
ताई, पटलं. भावालाही हेच सांगतो. फक्त कॅमेऱ्याचं, म्हणजे गेम आपल्याला ज्या नजरेतून दिसतो तिचं, दुखणं राहिलं. पाठ भिंतीला लागली की कॅमेरा आपल्याच डोक्यात घुसतो आणि शत्रू दिसेनासा होतो. इतके जुने गेम, इतके नवे गेम, हे अजून सुटलेलं नाही. शब्द नको, इलाज हवा.

वाक्य करून बघतो : “त्यानं हूल दिली, मी फसलो, पण दुसऱ्यांदा तोड बसली आणि त्याचा पवित्रा मोडला.”

तालमीतला:
‘तोड बसली’ नको. डाव बसतो, तोड काढतात.