आजीच्या लुगड्यांची गोधडी: कोणते कापड घ्यावे आणि कोणते वगळावे?

गोदाकाठ (प्रश्न)

माझ्या आजीची आठ नऊवारी लुगडी आईने गेली बारा वर्षे पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली आहेत. त्यांपैकी दोन इरकली आहेत, बाकीची साधी सुती. नेसण्याजोगे आता एकही राहिलेले नाही. गेल्या महिन्यात दारावर बोहारीण आली तेव्हा तिने सगळ्यांच्या बदल्यात स्टीलचा एक डबा देऊ केला. आईने गठ्ठा बाहेर आणला, उलगडला आणि काही न बोलता परत आत नेला. तेव्हापासून यांची गोधडी शिवावी असे माझ्या मनाने घेतले आहे. मला धावदोरा बऱ्यापैकी येतो, परंतु एवढे मोठे काम मी कधी केलेले नाही.

तीन लुगड्यांना मधोमध दंड घातलेला आहे. झिजलेला भाग काढून टाकून उरलेली दोन टोके आजीने इतक्या बारीक टाक्यांनी जोडली आहेत की बोट फिरवल्याशिवाय शिवण कळत नाही. हे भाग वगळावेत की घ्यावेत? आठ लुगड्यांत किती गोधड्या होतील? आणि शिवण यंत्रावर घातली तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टाकादोरा

ताई, सर्वांत आधी फाटलेले कापड आणि विरलेले कापड वेगळे करा. फाटलेल्या कापडाला ठिगळ लावता येते, विरलेल्याला नाही. लुगडे उजेडासमोर धरा आणि जिथे विरळ दिसेल तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहा. ताणताक्षणी फिसकले तर तो भाग गोधडीच्या पोटातही घालू नये, कारण दोन धुण्यांत त्याचा आतल्या आत बोळा होतो आणि तेवढ्या जागी गोधडी पोकळ पडते. बसण्याच्या जागी आणि काष्ट्यात कापड लवकर झिजते. काठाजवळचा आणि पदराचा भाग बहुधा भक्कम निघतो. फक्त मऊ झालेले, पण तुटत नसलेले कापड मात्र अजिबात टाकू नका, गोधडीची खरी ऊब त्यातच असते.

आता हिशोब. नऊवारी साधारण आठ मीटर लांब असते, म्हणजे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. असे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की सव्वादोन मीटरच्या आसपास रुंदी मिळते, म्हणजेच दोघांच्या पांघरुणाचा एक थर अर्ध्या लुगड्यात होतो. वरचा एक, खालचा एक आणि पोटात तीन असे पाच थर धरले तर अडीच लुगडी लागतात. वगळण्याचा भाग धरून तीन समजा. इरकली बाजूला ठेवल्यास उरलेल्या सहांत दोन गोधड्या आरामात होतील.

दंडाबद्दल विचारलेत म्हणून आवर्जून सांगते, तो भाग पोटात दडवू नका, सर्वांत वरच्या थरात घ्या. ती शिवण आजीच्या हातची आहे आणि तुमचे टाके तिच्या शेजारून जातील.

शिवताना घाई होते ती थर बसवण्यात. सगळे थर फरशीवर अंथरून, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून, मधल्या सुरकुत्या हाताने कडेकडे सारून घ्याव्यात आणि मग वीतभर अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घालावेत. आमच्याकडे सातारा भागात वाकळ कडेपासून सुरू करून फेऱ्या घेत मध्यापर्यंत आणतात. कच्चे टाके नसतील तर सगळा फुगवटा शेवटी मध्यावर गोळा होतो आणि उसवण्यावाचून उपाय उरत नाही. दोन ओळींत बोटभर अंतर पुरते. दोरा सुती, दुहेरी आणि हातभरच घ्यावा, लांब घेतल्यास गुंता होतो.

शिवणघर

यंत्राच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझा व्यवसायच शिवणाचा आहे. तुकडे एकमेकांना जोडण्यापुरते यंत्र वापरायला हरकत नाही. मात्र पाच थरांवरून जवळजवळ यंत्राची टीप मारली तर जुन्या कापडाला पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोके पडतात आणि पुढे कापड नेमके त्या रेषेवर फाटते. हाताचा टाका लांब आणि सैलसर असतो, तो कापडाला हलू देतो. सुई मोठ्या नेढ्याची घ्या आणि मधल्या बोटात अंगुस्तान घाला, पाच थरांतून सुई ढकलताना बोट सोलून निघते.

सीमाभाग

इरकलीबद्दल थोडे सांगतो. पारंपरिक इरकलीचे अंग सुती आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, आणि तो अंगाला विणतानाच वेगळा जोडलेला असतो. दोन्ही कापडे धुतल्यावर सारखी आटत नाहीत, म्हणून पदर गोधडीत घेऊ नये. त्याची उशीची खोळ किंवा कापडी पिशवी छान होते.

पदराचा लाल रंग सुटतो का, हे कापण्याआधी बघावे: ओला पांढरा सुती तुकडा त्यावर ठेवून गरम इस्त्री दाबावी, डाग उठला की समजावे. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे पुष्कळजण सांगतात, परंतु सुटणारा रंग त्याने थांबत नाही. बाकीच्या लुगड्यांतली खळही धुऊन पूर्ण काढावी, कारण खळीच्या कापडाला कसर लवकर लागते.

आमच्या बाजूला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. त्याही कडेपासून आत येतात आणि चार कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. आपल्या गोधडीला आजीच्या खणाचे असे कोपरे शोभतील.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सगळी लुगडी तपासली. एका इरकलीच्या पदराने पांढरा तुकडा गुलाबी केला, म्हणून दोन्ही पदर वेगळे काढले. एक साधे लुगडे अंगठ्यांनी ताणताच फिसकले, त्याचे फक्त काठ ठेवले. म्हणजे आता पाचच उरली आणि तूर्त एकच मोठी गोधडी करीन. आई दंडाची तिन्ही लुगडी मांडीवर घेऊन बसली होती. त्यांपैकी हिरव्या लुगड्याचा दंड आजीने नव्हे, तर दहाव्या वर्षी तिने स्वतः घातला होता, हे मला काल पहिल्यांदाच कळले. ते लुगडे वरच्या थरात मधोमध घेणार आहे. गोधडी पुढे धुताना दोरीवर टांगावी की कसे, एवढे मात्र सांगावे.

टाकादोरा

टांगू नका. पाच थर ओले झाले की वजन फार होते आणि दोरीवरच्या रेषेत टाके तुटतात. गच्चीवर बाज टाकून तिच्यावर पसरा आणि दुपारनंतर एकदा उलटा.