देश कुणाकडे बघून ठरवलात? कुटुंबासह परदेशी गेलेल्यांचे अनुभव

गारवेल (पुणे)

घरात सध्या हा एकच विषय आहे. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी दुसरीत, मुलगा अडीच वर्षांचा, आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना एकटं ठेवून जायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. बाहेर जायचं हेही ठरलंय, अडलंय ते कुठे जायचं यावर. पगार, कर, घरभाडं यांची कोष्टकं मांडून झाली, पण त्यात माणूस एकटा धरलेला असतो. आम्ही पाच जण आहोत आणि प्रत्येकाला लागू होणारा नियम वेगळा.

म्हणून कुटुंबासह गेलेल्यांना विनंती: घरातल्या कोणत्या माणसाकडे बघून देश ठरला ते लिहा. जोडीदाराची नोकरी, मुलाचं वय, आईवडील, आजारपण, काहीही. कोणता नियम आड आला, कोणता कामी आला, आणि ते कोणत्या सालचं, तेही सांगा. अमुक देश सर्वांत चांगला, अशी उत्तरं कृपया नकोत.

पारंबी (श्टुटगार्ट)

आमचा देश बायकोकडे बघून ठरला. २०२१ साली चाकणच्या नोकरीतून मला दोन वाटा होत्या, अमेरिका आणि जर्मनी. बायको सिव्हिल इंजिनिअर, पुलांच्या कामात मुरलेली. अमेरिकेत माझ्या एच-१बी व्हिसावर ती आली असती, तर माझा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्पा गाठेपर्यंत तिला कामाची परवानगी नव्हती. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) जोडीदाराला आल्या आल्या काम करता येतं. व्हिसासाठी भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही.

पण परीक्षा लागत नाही, याचा अर्थ भाषा लागत नाही असा कुणी घेऊ नये. साइटवरचा मुकादम जर्मन, पालिकेची पत्रं जर्मन. ती पुण्याच्या माक्स म्युलर भवनात बी-१ (जर्मनची मधली पातळी) करून निघाली होती, तरी पहिली नोकरी मिळेपर्यंत अख्खा हिवाळा गेला. त्या अभ्यासाचा दुसरा फायदा असा, की ब्लू कार्डवर बी-१ असेल तर आता २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, नुसतं ए-१ (सुरुवातीची पातळी) असेल तर २७.

गारवेल, तुमच्या मुलीचं वय नीट बघा. इथे बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि मुलं गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (बहुधा व्यवसाय शिक्षणाकडे नेणारी) अशा वेगवेगळ्या वाटांना लागतात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ते सहावीनंतर होतं. आमचा धाकटा बालवाडीत खेळता खेळता बोलायला लागला. थोरली तिसरीत आली आणि वर्षभरात तिच्या वाटेचा प्रश्न उभा राहिला. हुशार पोर, पण निबंध लिहायचा तो परक्या भाषेत. पहिलीच्या आत मूल आणता आलं तर आणा, किंवा सहावीपर्यंत शाळा असलेलं राज्य बघा. (भाड्याच्या घरात ओटा आणि सिंकसुद्धा नसू शकतं, आधीचा भाडेकरू सोबत नेतो. तेवढे पैसे बाजूला ठेवा.)

निवडुंग (ब्रॅम्प्टन, कॅनडा)

आमच्या मुलाला ऑटिझम आहे. त्याच्याकडे बघूनच देश ठरला. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण अशा आईबापांना एजंट पूर्ण माहिती देत नाहीत.

आमचा पहिला विचार ऑस्ट्रेलियाचा होता. तिथे वय, शिक्षण, अनुभव यांना गुण देऊन व्हिसा ठरतो, आमचे गुण पुरेसे होते. पण तिथे वैद्यकीय अट सगळ्या कुटुंबाला एकत्र लागते. एक जण अपात्र ठरला की सगळ्यांचा अर्ज जातो. त्या माणसावर सरकारचा किती खर्च होईल याचा अंदाज काढतात, आणि तो मर्यादेपलीकडे गेला की नकार. ही मर्यादा २०२४ मध्ये वाढवून ८६,००० डॉलर केली, आमच्या वेळी बरीच कमी होती. काही व्हिसांत सवलत मागता येते, पण आम्ही ज्या १८९ व्हिसासाठी (कुशल कामगारांचा, गुणांवर मिळणारा) बघत होतो त्यात ती सोय नाही. मुलाच्या विशेष शिक्षणाचा खर्चही तेव्हा त्या हिशेबात धरला जात होता हे कळलं, त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

कॅनडात २०१८ साली नियम बदलला. खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षण हिशेबातून काढून टाकलं. आमचा अर्ज त्यानंतरचा. निदान लपवायचा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. तो कुणीही ऐकू नका, खोटी माहिती उघड झाली तर पाच वर्षांची बंदी येते. आम्ही नाशिकच्या डॉक्टरांचे सगळे अहवाल स्वतःहून जोडले.

इथे आल्यावर सगळं सोपं झालं असं नाही. ओंटारिओत ऑटिझमच्या सरकारी मदतीची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची आहे, फॅमिली डॉक्टर मिळणं कठीण. थेरपीचे पैसे आम्ही खिशातून भरतो. पण जवळच्या सरकारी शाळेने त्याला नाही म्हटलं नाही. त्याच्यापुरती वेगळी शिक्षण योजना लिहून काढली, दर वर्षी आम्हाला बसवून ती वाचतात. भारतात एकामागून एक शाळांनी आम्हाला दारातून परत पाठवलं होतं. तो आता वर्गाच्या रांगेत उभा राहतो.

गारवेलताई, सासूबाईंसाठी सुपर व्हिसा (आईवडील, आजीआजोबांचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) बघा. २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा आपण घ्यायचा.

काजवा (शारजा)

वडिलांसाठी. रत्नागिरीला ते डायलिसिसवर होते. मुंबईला तीन तासांत उतरता येईल असाच देश हवा होता. रात्री फोन आला आणि दुपारी मी त्यांच्या उशाशी होतो, हे दोनदा झालं. बदल्यात काय सोडलं तेही लिहितो. नागरिकत्वाची आशा नाही, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि आयकर वाचतो त्यातला मोठा वाटा मुलांच्या फीमध्ये जातो. वडील गेल्यावरही आम्ही इथेच आहोत, आता आई आहे.

दर्यावर्दी (सिंगापूर)

आमच्याकडे प्रश्न मुलाचा होता. इथे आईवडिलांबरोबर मुलालाही पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला, तर मुलग्याला नॅशनल सर्व्हिस (लष्करी सेवा) सक्तीची आहे, साधारण दोन वर्षं. ती टाळून पीआर सोडला तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं की त्याची नोंद आड येते. बरेच भारतीय म्हणूनच मुलाचा पीआर घेत नाहीत.

आम्ही साताऱ्याकडचे. माझे वडील फौजेत होते. नातू दुसऱ्या देशाचा गणवेश घालणार, हे त्यांना कसं सांगावं हे मला कळत नव्हतं. मुलगा बारा वर्षांचा असताना आम्ही गावी गेलो, तेव्हा त्यानेच आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, ज्याचं मीठ खातोस त्याची पहारेदारी कर. पुढे पुष्कळ वेळ गप्प बसून राहिले. मुलगा गेल्या वर्षी भरती झाला. नंतरही राखीव दलात वर्षानुवर्षं बोलावणं येत राहतं, हेही धरून चाला.

बायकोच्या बाबतीत सांगतो: डिपेंडंट पासवर (नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणारा परवाना) काम करणं २०२१ पर्यंत सोपं होतं. त्या मे महिन्यापासून तिला स्वतःचा वर्क पास लागतो. शाळेत मातृभाषा म्हणून मराठी नाही, आमच्या मुलाने हिंदी घेतली.

मांडवीकाठ (स्विंडन)

आम्ही म्हापशाचे. नवऱ्याचे आजोबा पोर्तुगीज काळातले, त्यांची जन्मनोंद लिस्बनला चढवून पुढच्या पिढ्यांना पासपोर्ट मिळाला. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता, म्हणून २०१८ साली त्यावर थेट इंग्लंडला आलो, कारण मुलांना इंग्रजी येत होतं आणि इथे गोंयकारांची वस्ती होती. आता ही वाट बंद आहे. २०२० संपल्यानंतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला राहायला येणाऱ्याला व्हिसा लागतो. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, त्या दिवशी सासरे फार रडले.

बाभूळ (मेलबर्न)

आम्ही न्यू जर्सीहून इथे आलो, मुलीसाठी. तिथे रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब. मूल २१ वर्षांचं झालं की बहुतेकदा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. मुलगी चार वर्षांची असताना गेलो होतो, ती आठवीत आली आणि नवऱ्याचा नंबर दृष्टिपथातही नव्हता.

ऑस्ट्रेलियात वयाचे गुण आहेत. २५ ते ३२ ला ३०, चाळिशी ओलांडल्यावर १५, आणि ४५ नंतर दारच बंद. नवरा त्रेचाळीसचा होता. राज्याचं नामांकन मिळालं म्हणून जमलं. ज्यांची मुलं दहा-बारा वर्षांची आहेत, त्यांनी मुलाचं आणि स्वतःचं, दोन्ही वयं शेजारी लिहून बघावीत.

सांजवात (तोक्यो)

गारवेल, तुमचं वाचून मुद्दाम लिहितेय. आम्ही २०१९ पासून निशिकासाईत आहोत, तिथे भारतीय वस्ती आणि भारतीय शाळा दोन्ही आहेत. जपानमध्ये उच्चकौशल्य गुणपद्धतीवर (शिक्षण, पगार, वय यांना गुण देऊन दिला जाणारा व्हिसा) ७० गुण असले आणि घरात सात वर्षांच्या आतलं मूल असलं, तर त्याला सांभाळायला एका बाजूच्या आईवडिलांना आणता येतं. घराचं वार्षिक उत्पन्न किमान ८० लाख येन लागतं. ८० गुण असतील तर एका वर्षात कायम वास्तव्याचा अर्जही करता येतो. माझ्या सासूबाई अशाच आल्या. मुलगा सात वर्षांचा झाला आणि त्यांना परत जावं लागलं. त्यांनी शेजारच्या आजींकडून लोणची घालायला शिकून घेतलं होतं, इथे रुळल्या होत्या. ते दिवस फार जड गेले. मुलीला वॉर्डाच्या जपानी शाळेत घातलंत तर फी नाही, पण घरी अभ्यास घ्यायला जपानी लागेल.

गारवेल

सांजवात, तुमची पोस्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, चार वर्षांनी मला परत पाठवायचं असेल तर आत्ताच सांगा. त्यामुळे जपान यादीतून काढला. निवडुंगताई, सुपर व्हिसाचा विमा भारतातल्या कंपनीचा चालतो का? त्यांना रक्तदाब आहे, वय ६६.

निवडुंग

आम्ही आईसाठी कॅनडातल्या कंपनीचा घेतला. आता बाहेरच्या विमा कंपन्याही चालतात, पण कॅनडा सरकारने मंजूर केलेल्याच. रक्तदाब आधीपासून आहे हे फॉर्मवर लिहा आणि गोळ्या किती महिने न बदलता चालू आहेत ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. दाव्याच्या वेळी आधी तेच विचारतात.