शब्दचर्चा: गेमची 'खोली'

'नो मॅन्स स्काय' या ग्रहामागून ग्रह धुंडाळायच्या व्हिडिओ गेमवर लिहितोय, इंग्रजीतल्या 'डेप्थ'साठी शब्द हवाय. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा २ चा ६४ वा घात एवढे ग्रह होते, पण दहावा ग्रह पाहून झाला की अकराव्यात जीव रमेना. 'मैलभर रुंद, इंचभर खोल' लिहिलं तर भाषांतराचा वास येतो. 'उथळ' लिहिलं तर शिवी वाटते. शिवाय नंतरच्या फुकट अपडेटांनी 'खोली वाढली' म्हणावं का?

—

'कोसभर पात्र, घोट्याएवढं पाणी' कसं वाटतं?

'खोली'ची गंमत अशी की डेप्थ असेल तर अनेकवचन होत नाही, राहायची असेल तर 'खोल्या' होतात. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 'फाउंडेशन' अपडेटमध्ये राहायचा तळ बांधायची सोय आली. भिंत, छप्पर, दार जोडत बसा. २०२१ च्या 'फ्रंटियर्स'मध्ये अख्खी वस्ती हाताखाली आली, रहिवाशांची भांडणंही तुम्हीच सोडवायची. माझ्या मते या खोल्याच वाढल्या. वस्तीत कोणाच्या बाजूने निकाल दिला याचं शेजारच्या ग्रहाला काय सोयरसुतक?

—

थोडा अन्याय होतोय. २०१८ च्या 'नेक्स्ट'नंतर खडक फोडून फेराइट नावाच्या खनिजाची भुकटी घ्या, भट्टीत घालून शुद्ध करा, पुन्हा घालून चुंबकीय करा, असं चालतं. एका कामात दुसरं गुंतलंय, याला तरी खोली म्हणाल ना?

आणि अपडेटला पॅचही म्हणतात, पॅच म्हणजे ठिगळ. ठिगळावर ठिगळ लावूनच गोधडी होते की!

—

गोधडीची होते ती जाडी, खोली नव्हे :) जाडी बाहेरून मोजतात, खोलीसाठी आत उतरावं लागतं. भट्टीचं उदाहरणही मला लांबीचं वाटतं. पायऱ्या तीन झाल्या, निर्णय एकही नाही.

'थांग' शब्द वापरून बघा. थांग लागतो किंवा लागत नाही, वाढत मात्र नाही. अपडेट आलं की आठवडाभर थांग लागत नाही, मग लागतो. सगळे 'अथांग अवकाश' लिहितात तेही जपून लिहावं. अथांग म्हणजे ज्याचा तळ सापडत नाही ते, नुसतं अफाट नव्हे. हा गेम अफाट होताच, अथांग नव्हता.

—

पण २०२५ च्या जानेवारीतल्या 'वर्ल्ड्स'च्या दुसऱ्या भागात समुद्र खरोखरच खोल केलेत. इतके, की खाली सूर्यप्रकाश पोचत नाही, अंधारात स्वतःच्या उजेडाने चमकणारे जीव फिरतात. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. पूर्वी डुबकी मारली की लगेच पाय टेकायचे.

—

आभारी आहे. लेखात 'पसारा वाढला, थांग मात्र लवकरच लागतो' असं घेतलंय. समुद्राच्या परिच्छेदात 'खोली'च ठेवली. 'अपडेट'ऐवजी 'अद्यतन' लिहिणार नाही, संपादकांनी कितीही आग्रह केला तरी.