जुन्या सॉफ्टवेअरला नवा फाँट का दिसत नाही
मुक्ता हा देवनागरी फाँट वर्डमध्ये दिसतो, पण जुन्या डीटीपी (छपाईसाठी पानं मांडायच्या) सॉफ्टवेअरच्या यादीत येत नाही, असं एकानं विचारलंय. फाँट बिघडलेला नसावा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साधं 'इन्स्टॉल' दाबलं की फाँट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. बरीच जुनी सॉफ्टवेअरं मात्र सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधल्या फाँट्स फोल्डरमध्येच डोकावतात. फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. (या भानगडीत माझी एक अख्खी दुपार गेलीय.) लिनक्सवर 'एफसी-लिस्ट' या फाँटची यादी दाखवणाऱ्या कमांडला मराठीचा भाषासंकेत दिला की मराठीला चालणारे फाँट तेवढे दिसतात. आणि विंडोजचा जुना देवनागरी फाँट मंगल असेलच असं धरून चालू नका. विंडोज १० मध्ये तो ऐच्छिक झालाय. हमखास सापडतो तो निर्मला यूआय.