वर्मिनटाइड २: चॅम्पियन लावलं की टीम लगेच आडवी का होते?

प्रश्न: या को-ऑप गेममध्ये व्हेटरन डिफिकल्टीवर आम्ही चौघं आरामात खेळतो पण त्याच्या वरचं चॅम्पियन लावलं की उंदरांची झुंड आली रे आली सगळे पटापट पडतात. मी बार्डिन घेतो, म्हणजे बुटका योद्धा, त्यातला चिलखतवाला आयर्नब्रेकर. गियर वाढवायचं का अजून?

रिप्लाय: गियर सोड, ब्लॉक (वार अडवणं) आणि पुश (शत्रूला मागे ढकलणं) वापरतोस का ते सांग आधी. नुसतं क्लिक क्लिक करून चालत नाही इथे, झुंड अंगावर आली की पुश, दोन वार, परत पुश, आणि चौघांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं म्हणजे मागून कोणी येत नाही. आयर्नब्रेकर आहेस ना, मग दारात तूच.

रिप्लाय: +१. शिवाय चॅम्पियनपासून फ्रेंडली फायर चालू होतं बरं का, म्हणजे आपला मार आपल्याच लोकांना लागतो, कोणी सिएना (आगवाली जादूगारीण) घेऊन मागून आग ओकत असेल तर अर्धे तिथेच मेलात. आणि हेडफोन लावा, स्पेशल म्हणजे खास ताकदीच्या उंदरांचा आवाज आधी येतो. त्यातल्या पॅकमास्टरने हुकात अडकवून ओढलं की स्वतःहून सुटता येत नाही, बाकीच्यांनीच सोडवायचं, म्हणून एकटा पुढे पळणारा कोणी असेल तर आवरा त्याला.

प्रश्नकर्ता: सिएनावालाच पळतो 😂 वर ग्रिमॉयर (लेव्हलमध्ये लपवलेलं, जास्त बक्षिसासाठी शेवटपर्यंत न्यायचं पुस्तक) दिसलं की उचलतो.

रिप्लाय: मग झालंच. ग्रिमॉयरने सगळ्या टीमची हेल्थ घटते, पोशनची जागा पण जाते. आधी लेव्हल तर पार करा, फार तर टोम (तसलंच दुसरं पुस्तक) घ्या, त्यात फक्त हीलिंगची जागा अडते.