'स्टेज्ड' दृश्याला मराठीत काय म्हणावं?

चाफेकळी : रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) या, उत्तर कॅनडातल्या नानूक नावाच्या इनुइट शिकाऱ्यावरच्या माहितीपटावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यातली इग्लूमधली (बर्फाच्या घरातली) दृश्यं 'स्टेज्ड' आहेत, असं मूळ लेखक म्हणतो. खरं इग्लू आतून अंधारं नि अरुंद, कॅमेरा चालेना. म्हणून मोठं इग्लू बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली आणि त्या गारठ्यात कुटुंब झोपून उठल्याचं चित्रण केलं. मी 'बनावट दृश्यं' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'रचित दृश्यं' केलं. 'रचित' मला काव्यमय वाटतं. पण 'बनावट' म्हटलं की फ्लॅहर्टी थेट आरोपीच्या पिंजऱ्यात. तिसरा शब्द सुचतोय का कुणाला?

शब्दप्रेमी : 'बनावट'मध्ये वाईट काय आहे? बनावट म्हणजे घडण. 'स्वदेशी बनावटीची युद्धनौका' आपण अभिमानाने लिहितो. शब्द बदनाम झाला म्हणून टाकून द्यायचा नसतो.

सदाफुली : युद्धनौकेला 'बनावटीची' म्हणतात, 'बनावट' नाही. 'बनावट नोट', 'बनावट शिक्का', 'बनावट चकमक' हे वाचणाऱ्याला घडण आठवत नाही. लोक ज्या अर्थाने वाचतात तोच अर्थ. 'रचणे'चं म्हणाल तर अभंग रचतात, कटही रचतात, गंजीही रचतात आणि सरणही. तो बिचारा तटस्थ शब्द आहे. सरांचं बरोबर.

रीळ : बरीच वर्षं संकलन करतोय. आमच्याकडे यातलं काहीच कुणी म्हणत नाही. रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रण, आल्या की पहिला प्रश्न, "हे मिळालंय की करून घेतलंय?" 'करून घेतलेलं दृश्य' लिहा, ताई.
आणि करून घेतलेलं दिसतंच. एका गावातल्या आजींना विळीवर भाजी चिरताना टिपलं होतं, प्रकाश कमी पडला म्हणून पुन्हा चिरायला बसवलं. पहिल्या वेळी पदर कमरेला खोचलेला, नजर भाजीवर. दुसऱ्या वेळी पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेला आणि चिरण्याचा वेग निम्मा. भाजी तीच, विळी तीच. आम्ही अंधारातलंच ठेवलं.

चाफेकळी : 'करून घेतलेलं' आवडलं. पण अख्ख्या लेखात तेच वापरता येईल? ग्रामोफोनच्या प्रसंगालाही लेखकाने हाच शब्द वापरलाय.

सदाफुली : तिथे नको. इग्लूचं समजू शकतं. ती माणसं एरवीही तशीच उठत असणार, कॅमेऱ्याला दिसावं म्हणून भिंत काढली. ग्रामोफोनच्या प्रसंगात नानूक तबकडी चावून बघतो, जणू असलं यंत्र त्याने जन्मात पाहिलं नाही. त्याला ग्रामोफोन माहीत होता. त्याचं नावही नानूक नव्हतं, अलाकारिअलाक होतं. घरात बंदुका असताना वॉलरसची शिकार जुन्या पद्धतीने भाल्याने करायला लावली. एक सोय प्रकाशासाठी आणि दुसरी माणसाला अडाणी दाखवण्यासाठी. दोन्हींना एकच शब्द लावला तर वाचकाला फरक कळायचा कसा? मूळ लेखकाने सरमिसळ केली म्हणून तुम्हीही करावी असं नाही.

शब्दप्रेमी : अनुवादकाने मूळ लेखक दुरुस्त करू नये. त्याने एक शब्द वापरला, तुम्हीही एकच वापरा.

कुडाळी : आमच्याकडे 'सोंग' आहे की. दशावतारात राजाचं सोंग घेतलेल्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून आख्यान लावतात, बघणाऱ्याला ते चित्र आहे हे ठाऊक असतं आणि तरी डोळ्यांत पाणी येतं. 'चित्रपट' या शब्दाचा मूळ अर्थ चितारलेलं कापड. मला तर वाटतं, पडद्याला हा शब्द इतका चपखल बसला तो या परंपरेमुळेच.

सदाफुली : कुडाळी दादा, पुण्यात 'सोंगं करू नकोस' म्हणजे ढोंग करू नकोस. आणि दशावतार बघणाऱ्याला सोंग आहे हे आधीच माहीत असतं. नानूक बघायला आलेल्यांना कुठे माहीत होतं?

शब्दप्रेमी : सगळा घोळ 'माहितीपट' या शब्दाने केलाय. माहिती म्हटली की प्रत्येक चौकट पुराव्यासारखी तपासली जाते. जुना 'अनुबोधपट' चांगला होता, त्यात बोध आहे, पाहणाऱ्याला काही उमगणं आहे. तो रुळला असता तर 'बनावट' की 'रचित' हा वादच उरला नसता.

रीळ : अनुबोधपट आता स्पर्धा-परीक्षेच्या पुस्तकांत उरलाय. आम्ही सरळ डॉक्युमेंटरी म्हणतो आणि निर्मातेही.

शब्दप्रेमी : तुम्ही म्हणत नाही म्हणूनच तो पुस्तकांत उरला.

कुडाळी : मग दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप एकेक चौकट टिपून वाढताना दाखवलं, ते कशात घालायचं? रोप खरंच वाढलं होतं, पण तसं भराभर वाढताना कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नसतं.

शब्दप्रेमी : अनुबोधपटात. निःसंशय.

सदाफुली : ती तर सरळसरळ माहिती आहे!