उत्तर: स्पीड भरपूर, तरी चित्र धूसर का?
‘स्पीड टेस्ट झकास येते, तरी कर्जत-लोणावळा घाटात व्हिडिओ धूसर होतो, ॲप मुद्दाम दर्जा उतरवतं,’ असं वर कुणी लिहिलंय. मुद्दाम उतरवतं हे खरंच, पण व्हिडिओ अडकू नये म्हणून. सर्व्हरवर व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. असा तुकड्यातुकड्यांनी व्हिडिओ पाठवायच्या दोन प्रमुख पद्धती: ॲपलचं एचएलएस २००९ चं, एमपेग-डॅश हे मानक २०१२ चं. दोन्हींत पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागायचा ते सहसा तुमच्या फोनवरचा प्लेअर ठरवतो.

गोची इथेच आहे. मागचा तुकडा किती वेगाने आला यावरून अंदाज बांधला, तर बोगद्याच्या तोंडाशी तो हमखास फसतो. स्टॅनफर्ड आणि नेटफ्लिक्सच्या संशोधकांनी २०१४ मध्ये वेगळी वाट मांडली: वेग मोजण्यापेक्षा बफरमध्ये, म्हणजे फोनने आधीच आणून ठेवलेल्या व्हिडिओच्या साठ्यात, किती सेकंद शिल्लक आहेत ते बघा. साठा कमी असेल तर हलका तुकडा मागवा, भरत आला की जड. मला हे जास्त पटतं. (अगदी सुरुवातीला बफर रिकामाच, तेव्हा वेगाचा अंदाज घ्यावाच लागतो.)

आता ‘पॅकेट (नेटवरून जाणारे डेटाचे छोटे गठ्ठे) दुसऱ्या मार्गाने का वळत नाहीत?’ हा प्रश्न. इंटरनेटवर नेटवर्कांमधले मार्ग बीजीपी हा राउटरांचा आपसातला नियमसंच ठरवतो, आणि तो धोरणं नि वाटेतल्या नेटवर्कांची संख्या बघतो. गर्दी त्याला दिसत नाही. शिवाय घाटात तुटतो तो फोन आणि टॉवरमधला दुवा, तिथे राउटर काय करणार? मल्टिपाथ टीसीपी ही डेटा पाठवायची पद्धत वायफाय आणि मोबाइल डेटा एकदम वापरू शकते, पण सर्व्हरलाही ती यायला हवी.